तीन चिमटे

म्हापशात, बाजाराच्या मागच्या जिन्यावर
कायतान फुर्तादचं दुकान. शुक्रवारी उघडतं,
बाकीचे दिवस त्याची मर्जी.
बिस्किटांच्या डब्यात, थर्माकोलवर, तीन कार्डं.
मी आधी हात पुसले रुमालाला,
घामाचं मीठ त्यांच्या सोनेरी दातांना लागू नये म्हणून.

पहिलं लांबलचक, जुनं. खरी चिप आहे त्यावर,
पण गप्प असतानाही ते खरखरतं,
माउस हलवला की कानात मुंग्या चालतात.
दुसरं आखूड, नंतरच्या काळातलं.
खरखर नाही. पण चिपही नाही, चिपची नक्कल:
सूर तेच, व्हायोलिन मात्र पत्र्याचं.
तिसऱ्यात चार मेगाबाइटांत कोंबलेला अख्खा ऑर्केस्ट्रा,
आणि किंमत अशी, की घरी सांगताना
एक शून्य वाटेत कुठेतरी पाडावं लागेल.

माझा फोर एटी सिक्स डिचोलीच्या खाण ऑफिसातला.
थोरल्या सुदिननं लिलावात घेतला, शहाण्णव साली.
अजून कॅबिनेट उघडलं
की स्लॉटच्या खाचेत लाल धूळ.
दोन वर्षं त्यात कार्डच नव्हतं,
पोटातला एवढासा स्पीकर तेवढा.
दार उघडलं, टिक.
राक्षस मेला, टिक.
आपण मेलो तरी टिकच.
मग सुदिनच्या पहिल्या पगाराचं कार्ड आलं
आणि त्या रात्री आम्हाला कळलं
की ज्या गुहेत आम्ही दोन वर्षं फिरत होतो
तिथे पाणी ठिबकतं.

पोर्ट दोनशेवीस, आयआरक्यू पाच, डीएमए एक.
अंथरुणावर पडल्या पडल्या म्हणायचो दोघं.
आईला वाटायचं, पाढे.

कायताननं पहिलं कार्ड टेस्टच्या मशीनला लावलं,
चष्मा कपाळावर सरकवून चिपवर वाकला.
इवलंसं चिन्ह, एकात एक अडकलेले तीन चिमटे.
"यामाहा? म्हजो ट्रम्पेट तांचोच!"
एकतीस वर्षं लग्नांच्या बँडात वाजवला त्यानं.
आता डॉक्टरनं फुगासुद्धा फुगवू नको म्हटलंय.

डेमो सुरू झाला. तो डोळे मिटून बसला,
बोटं टेबलावर, नसलेल्या तीन कळांवर.
"बी फ्लॅट," म्हणाला. "बरोबर आहे.
दुसऱ्या कार्डात केसभर खाली होता. तुला कळलं?"
मला नव्हतं कळलं.
मी मंचांसारखे तक्ते वाचून आलो होतो, किलोहर्ट्झ पाठ करून.
"हा ट्रम्पेट न्हय," तो पुढे म्हणाला,
"पण ट्रम्पेट असल्याचं सोंगही घेत नाही."
ओळ संपली तिथे त्याचे खांदे वर गेले,
श्वास घ्यायला.
कार्ड थांबलं नाही.
तो खोकला, आणि आवाज त्यानंच कमी केला.

तिघांचे फोटो मी सुदिनला पाठवले होते.
तो स्विंडनला, गोदामात, रात्रपाळीला.
जिना उतरता उतरता उत्तर आलं:
'पहिलं. फुगलेले कपॅसिटर बदल.
आणि आयआरक्यू सातला लावू नको, प्रिंटर रुसतो.'
आमचा प्रिंटर भंगारात जाऊन वीस वर्षं झाली.

मी परत वर गेलो.
घासाघीस केली, पण मनापासून नाही.
कायताननं कार्ड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलं,
वर न विचारता एक स्क्रू दिला.

आता घरी, रात्रीचे पावणेबारा.
कपॅसिटर नवे आहेत, तरी खरखर आहेच.
गेम अजून लावलेला नाही.
हेडफोन घालून माउस हलवतो, नुसता,
डावीकडे,
उजवीकडे,
खालच्या कॉटवर झोपेचं सोंग घेऊन
सुदिनचा हात असाच ऐकायचो मी.