नावाचं चार

उदगीरच्या वखारीत इलियासभाईंनी
चिठ्ठीवर लिहिलं : चार बाय दोन, नग बावीस.
गावात टेम्पो रिकामा झाल्यावर मी टेप लावला.
साडेतीन. दीड.
टेपच्या जिभेचा रिव्हेट ढिला असतो कधीकधी,
म्हणून शाळेची फूटपट्टीही लावली.
साडेतीन. दीड.

तोवर अंगणवाडीच्या मांडवाचे आठ खांब
मी कोरून बसले होते,
खाचा पुऱ्या चाराच्या, चिठ्ठीच्या भरवशावर.
आठही खाचांतून
अर्ध्या इंचाचं ऊन पलीकडे जात होतं.

फोनवर इलियासभाई हसले नाहीत, हे बरं.
"बेटी, करवतीखालून निघालं तेव्हा चारच होतं. ओलं.
मग सुकलं. मग चारी अंगांनी रंधा फिरला.
मग टाकीत कोंडून, दाबून औषध पाजलं.
एवढ्यात नाव बदलायचं
कुणालाच सुचलं नाही."

अप्पा बाजेवरून ऐकत होते.
"किती कमी?"
"चार सूत."
"आधी माल, मग खाच. तू उलटं करलालीस.
लाकडाला कशाला बोलतीस?"

खरंच, मी कशाला बोलावं.
शाळेत माझी तारीख एक जून,
वर्गातल्या एकोणीस जणांची होती तीच.
आई अजूनही सांगते,
बैल धुतले त्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला,
तू झालीस, आणि पुरण उतू गेलं.

मग उरलेल्या तुकड्यांतून पट्ट्या चिरल्या.
चार सूत, खरे चार;
अप्पांनी चिमटीत धरून पाहिल्या, बोलले नाहीत.
चिरलेल्या अंगाला डब्यातलं हिरवं औषध फासलं,
वाळवल्या, ठोकल्या.
लाकडाचं आणि माझं सूत
तिथं जमलं असं वाटतं.

संध्याकाळी आई ढलप्या ओट्यात भरून
चुलीकडे निघाली.
"नको, त्याचा धूर विषारी असतो."
ती थांबली. हिरवट तुकडा उलटापालटा केला.
"जाळता येत न्हाई, तर लाकूड कशाचं गं हे?"
मला उत्तर आलं नाही.

चैत्रात काळं रान भेगाळलं,
तशी चौथ्या खांबाची खाच
सूतभर पुन्हा उघडली.
कुणा पोरानं त्यात खडूचा तुकडा
सरकवून ठेवलाय.
अगदी बसलाय.
मी काढला नाही.