खोलीचं तापमान

लेम्स्टर. पाटीवर लिहितात लांबलचक, बोलतात एवढंच.
तिथे चर्चच्या दुकानात पन्नास पेन्सला मिळालं:
बेडूक, सॅलमँडर वगैरे घरी कसे पाळावेत.
साल चौपन्न. मलपृष्ठावर कपाचा गोल डाग.

शेजारचा रिस कॉलेजला गेला
आणि त्याचा अ‍ॅक्सोलॉटल माझ्या ओट्यावर राहिला,
पांढरा, वीतभर, सदा हसरा.
मी त्याला दामू म्हणते.

पुस्तक ठाम आहे.
तळाला खडी पसरावी, शोभा येते.
(खडी तो गिळतो.)
गांडूळ न मिळाल्यास गाईचं काळीज, काडीएवढं चिरून.
तुरेवाला न्यूट हवा असल्यास
जवळच्या कुठल्याही तळ्यातून जाळीनं उचलावा.
आता त्याला नुसता हात लावायलाही परवाना लागतो.

समासात कुणाची तरी शिसपेन्सिल, बाळबोध अक्षर:
मंगळवार. जेवला नाही.
गुरुवार. जेवला नाही. आई म्हणते मीठ घाल.
पुढची पानं करकरीत,
कुणी उघडलीच नसावीत.

पान एकतीस: पाणी खोलीच्या तापमानाला असावं.
ठेवलं.
तिसऱ्या दिवशी दामूचे कल्ले पुढे वळले,
थंडीत आपण कॉलर ओढतो तसे, पण उलट कारणानं.
नेरिस, खरं तर गुरांची डॉक्टर, फोनवर म्हणाली,
फ्रिजमध्ये ठेव. आत्ता.

मग दामू आइसक्रीमच्या डब्यात,
डावीकडे कोथिंबीर, उजवीकडे कालचं वरण.
दूध काढताना मी दार हळू लावते,
आणि सॉरी म्हणते, मराठीत.

रात्री पुन्हा पान एकतीस.
चौपन्नची खोली दिसली:
काचेला आतून बर्फाची नक्षी,
मीटरमध्ये शिलिंग टाकलं तरच पेटणारी शेगडी,
दोन स्वेटर घालून तो गृहस्थ लिहितोय
खोलीचं तापमान,
आणि त्याच्या तोंडून वाफ निघतेय.

त्याचं पाणी बरोबर होतं.
रेडिएटर चोवीसवर ठेवून अनवाणी फिरते ती मी,
आणि ताईला फोनवर सांगते, इथे मरणाची थंडी.

पेन्सिल शोधली. खोली या शब्दाखाली रेघ मारली,
शेजारी लिहिलं, सोळा अंश. अक्षरात नाही, आकड्यात,
पुढच्याला कुठली भाषा येत असेल कोण जाणे.
मग मागे गेले, त्या गुरुवारपाशी,
जिथे जागा शिल्लक होती:

शनिवार. गांडूळ खाल्लं.
अर्धं.