सदतिसावं घर

लंडनला छापलेला युरोप केंडलला आला
घोडागाडीतून, मोज्यांच्या रिकाम्या खोक्यात.
कापडावर चिकटवलेला, सोळा तुकड्यांचा,
घडी घातली की बाबांच्या हिशेबाच्या वहीएवढा.

फासे घरात नकोत, बाबा म्हणाले, फाशांत सैतान असतो.
म्हणून सोबत हाडाची आठकोनी भिंगरी.
गरगर फिरताना सैतानाला घेरी येते का,
असं जेबेझने विचारलं
आणि तो उपाशी झोपला.

वाटेत एकशे दोन घरं.
लिस्बन : भूकंपाची पडझड पाहा, एक डाव गमवा.
ॲमस्टरडॅम : दालचिनीचा वास घ्या, दोन घरं पुढे.
आल्प्स उतरताना नदीचं नाव आठवलं नाही
तर सोंगटी बर्फात.
मी ऱ्होनपाशी हमखास गारठायचे.

पेरिन आम्हाला शिकवायची : फ्रेंच, शिवण, नद्या.
लोकरीच्या गावात रेशीम विणणाऱ्याची मुलगी.
आमचे मोजे ती दोन बोटांत धरायची,
ओलं मांजर उचलावं तसे.

त्या संध्याकाळी तिला पाच पडले.
सदतीस. ल्यों.
जेबेझने नियम वाचला, खणखणीत,
कारण त्याला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं :
'इथलं रेशीम पाहण्यासाठी प्रवाशाने एक डाव थांबावं.'

ती थांबली.
आमची फेरी झाली. आणखी एक झाली.
मी व्हिएन्ना गाठलं, जेबेझ व्हेनिसला बुडाला.
'पेरिन, तुझं दान.'

तिने बोटाचं पेर वाकवून
त्या नखाएवढ्या घरावर तीनदा ठोकलं,
दार उघडायला कुणी येईल असं नाही.
'आधी छोट्या हातोडीने ठोकतात,' ती म्हणाली,
'कागद वाचून दाखवतात.
घण मागाहून येतात.'

जेबेझने नियमांवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत.
असं काही छापलेलं नव्हतं.

आता नातवंडांना आगगाड्यांची वेळापत्रकं पाठ.
पटावरच्या निम्म्या सरहद्दी खोट्या म्हणून हसतात,
आणि पोलंडचा तो फिका गुलाबी
कुठे गेला म्हणून विचारतात.
घडीची रेघ नेमकी ल्योंवरून जाते.
रेशीम झिजलं, थांबावं झिजलं,
तीन आणि सात तेवढे उरलेत.

पण तिथे कुणाची सोंगटी पडली
तर आमच्याकडे डाव मोजत नाहीत.
मेणबत्ती बदलून होते, दूध पिऊन होतं,
मग कुणीतरी हळूच म्हणतं, चल.

असं का, आजी?
नियम आहे.
कुठे लिहिलाय?

मी चष्मा शोधू लागते.