बिनशिक्क्याचा धोंडा

अंबडच्या आठवडी बाजारात
चिंचेच्या ढिगामागं बसलेल्या सोजरबाईकडून
मी एक धोंडा जप्त केला.
पावती क्रमांक एकशे सत्तेचाळीस.
वर्णन : काळा, गुळगुळीत, गंगेच्या पात्रातला.
शिक्का : नाही.

वजनमापं खात्यात माझी एकोणीस वर्षं झाली.
त्याआधी दोन वर्षं मी फादर होणार होतो.
कुणाला सांगत नाही. कागदोपत्री तो खंड आहे.

फादर ओहोळ शिकवायचे पत्र्याच्या वर्गात,
दुपारी, पत्रा तडतडत असताना.
म्हणायचे, कायद्याला चार मजले.
सगळ्यात वर देवाच्या मनातला,
ज्यानं गंगा उताराकडं वाहते
आणि कोकरू न शिकवता आईकडं पळतं.
त्याचा कवडसा माणसाच्या बुद्धीत पडतो, तो दुसरा :
चांगलं करा, वाईट टाळा.
एवढंच. पण चोराच्या काळजातूनही खरवडून निघत नाही.
तिसरा, ग्रंथात लिहून दिलेला.
आणि तळमजल्यावर
राजानं, पंचानं, तहसीलदारानं केलेला.

खालचा वरच्याशी जुळला तर तो कायदा.
आणि नाही जुळला तर, फादर?
फादर खडू खाली ठेवायचे.
बऱ्याच वेळानं म्हणायचे,
“तर ती कायद्याची नासाडी, पोरांनो.”
सातशे वर्षांपूर्वी कुठल्याशा थंड मठात
कुणा संन्याशानं हे लिहिलं असेल शाई गोठू नये म्हणून फुंकर घालत.
आम्ही उतरवून घेतलं, वहीवर घाम टिपत.

जुळलं की नाही हे बघायचं कुणी, मी विचारलं होतं.
“तुला आत तागडी दिलीय की.”
मी हसलो होतो. मग ही नोकरी लागली.

लोखंडी वजनाच्या बुडाला भोक असतं,
त्यात शिसं, शिशावर आमचा शिक्का.
मोंढ्यातले हुशार लोक
शिक्क्याला धक्का न लावता शिसं कडेनं कोरतात.
अशी वजनं मी पोत्यानं पकडली आहेत.
प्रत्येकावर सरकार होतं,
वजन नव्हतं.

सोजरबाईचा धोंडा मी माझ्या प्रमाण किलोसमोर ठेवला.
काटा मध्ये उभा राहिला.
वारा असेल म्हणून अंगानं आडोसा केला,
तरी मध्येच.

“ह्यो मोठा व्हता,” ती म्हणाली.
“किलोची मापं आली तवा सासूनं घासला,
तीन दिस, दर खेपी पोस्टाच्या काट्याला लावून.”
“आणि जास्त घासला गेला असता तर?”
“मंग टाकून द्यायचा. गंगंत काय धोंडे कमी हायेत?”

तोलून झाल्यावर ती गिऱ्हाइकाच्या पिशवीत
वरून चिमूटभर चिंच टाकायची, न बघता.
त्या चिमटीचं कलम मला
चारपैकी कुठल्या मजल्यावर शोधावं कळेना.

तरी पावती फाडली.
शिसं कोरलेलं वजन आणि हा धोंडा,
माझ्या पुस्तकात दोघांची ओळ एकच.
तिनं दंड मोजला, नाणी चिंचेनं चिकट.
“धोंड्याचं काय करता?”
“मुद्देमाल,” मी म्हणालो.

आता तो माझ्या टेबलावर आहे,
सुतळीनं बांधलेल्या चिठ्ठीसकट.
कचेरी रिकामी झाली की एकदा तोलतो.
का, ते माहीत नाही.

पुढच्या बाजारी ती लोखंडी वजन घेऊन बसलेली.
मोंढ्यातून आणलेलं, जुनं, स्वस्तात पडलेलं.
शिक्का यंदाचा, ठळक.
मी तळहातावर घेतलं.
एकोणीस वर्षांनी हाताला कळतं,
साठ तरी ग्रॅम.

“आता बराबर हाये ना, सायब?”

समोर गिऱ्हाईक उभं होतं, पिशवीचं तोंड उघडं धरून.

फादर खडू खाली ठेवायचे तेव्हा
वर्गात फक्त पत्रा ऐकू यायचा.