गुरुवारपर्यंत कळवा

पत्रात माझं नाव चुकलंय,
पद्मजाचं पद्माजा झालंय.
बाकी सगळं स्पष्ट आहे.
दर्जा तपासनीस, टॉवेल विभाग, अक्कलकोट रोड एमआयडीसी,
महिना बारा हजार पाचशे,
सहा महिने तात्पुरती,
गुरुवारपर्यंत कळवा.

आज मंगळवार. खरं तर रात्रीचे दोन वाजलेत,
म्हणजे बुधवार लागला.
पाणी चौथ्या दिवशी आलंय, म्हणून गल्ली जागी आहे
आणि मी नळीचं तोंड धरून पिंपाशेजारी बसलेय,
एम.एस्सी. संख्याशास्त्र, विद्यापीठात सातवी.
सातवी म्हणजे वाईट नाही.
सातवी म्हणजे पेपरात फोटोही नाही.

संध्याकाळी रेवणसिद्धचा फोन होता, पुण्याहून.
पगार विचारला तर एकोणीस म्हणाला,
उरतात किती विचारलं तर म्हणाला,
इथं शेंगाचटणी काय भावानं मिळते माहितेय का तुला?
मग आम्ही चटणीवरच बोललो.

मालक मुलाखतीत चांगले वागले. चहा दिला.
मार्कशीट आधी उलटी धरली, मग सुलटी.
म्हणाले, एवढं शिकलात, इथं मन लागेल का?
आणि त्याच श्वासात, लग्नाचं कुठवर आलंय?
मी दोन्हीला मिळून एकदाच ‘बघू’ म्हटलं.

गठ्ठ्यातून टॉवेल ओढायचा, उजेडासमोर धरायचा,
सुटलेला धागा, तेलाचा डाग, फाटकी किनार,
सापडली की खडूची फुली.
हे आम्हाला तिसऱ्या सेमिस्टरला होतं.
पाचशेच्या लॉटमधून पन्नास उचला,
दोनापर्यंत खोट निघाली तर लॉट स्वीकारा,
तिसरी निघाली की सगळा परत.
सरांनी फळ्यावर वक्र काढला होता
चांगला माल नाकारला जाण्याच्या शक्यतेचा.
त्याला उत्पादकाची जोखीम म्हणतात.

आई तो वक्र न शिकता तीस वर्षं त्याच्याखाली बसलीय.
हजार विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या,
तिथला माणूस मूठभर उचलतो,
एक जाड, एक सैल, एकीचं तोंड नीट मिटलेलं नाही,
आणि पन्नास छाट.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही मिळत नाही.
लहानपणी मला वाटायचं,
तो माणूस खूप शिकलेला असणार.

बाबांना काही सांगायचं तर ओरडावं लागतं,
चाळीस वर्षांचा माग त्यांच्या कानात राहिलाय.
साडेबारा हजार! मी ओरडले.
कोंड्यालबाईंनी नळावरून विचारलं, कुणाला गं?
बाबा म्हणाले, काम सावलीत आहे ना? बसून आहे ना?
उभ्यानं, मी म्हटलं.
ते जरा वेळ गप्प राहिले.
मग म्हणाले, पंखा असेल.

पिंप भरलं. नळी कळशीत टाकली
आणि पत्र दिव्यासमोर धरलं, टॉवेलसारखं.
एक खोट, नाव.
दुसरी, तो लग्नाचा प्रश्न.
तिसरी, तात्पुरती.
नियमानं परत जायला हवं.
पण नियम पाचशे असतात तेव्हाचा.
हातात एकच नमुना असेल आणि तोच सगळा माल असेल
तर काय करायचं, सरांनी सांगितलं नाही.
मीही विचारलं नव्हतं, परीक्षेला नव्हतं.

आईला विचारलं.
ती सातशे त्रेसष्टावर होती.
मान वर न करता म्हणाली, नी इष्टम, तुझी मर्जी,
आणि चौसष्टऐवजी पुन्हा साठपासून मोजायला लागली.

सकाळी फोन लावला.
पगाराचं विचारायचं ठरवलं होतं, सुट्टीचंही,
निघालं ते वेगळंच.
मी फुली मारलेल्या टॉवेलचे पैसे
विणणाऱ्याच्या मजुरीतून कापता का?
पलीकडे माग चालू होते.
मॅनेजर म्हणाले, ऐकू येत नाही, जोरात बोला.

जोरात बोलायची मला सवय आहे.
मी पुन्हा विचारलं.