पाटीवरची जागा

पेंटर म्हणाला, काका,
"प्रायव्हेट लिमिटेड" एवढ्या पाटीत बसणार नाही.
नाव बारीक करा, नाहीतर पाटी वाढवा.
मी म्हटलं, थांब, अजून ठरलं नाही.
तो डबा झाकून निघून गेला.

दिघ्याच्या या गाळ्यावर एकवीस वर्षं एवढंच लिहिलंय:
मढवी मोटर रिवाइंडिंग.
त्यातला मढवी म्हणजे मी.
मोटर जळते ती लोकांची,
उधारी बुडते ती माझी.

महाप्याच्या फॅक्टरीला साठ मोटरींचं काम द्यायचंय, वर्षाचं.
परचेसचा पोरगा म्हणतो, अंकल, तुमचं काम एक नंबर,
पण सिस्टीम प्रोप्रायटर घेत नाही.
मी त्याच्या स्क्रीनकडे पाहिलं.
खरंच, मी कुठंच नव्हतो.

म्हणून काल वाशीला गेलो, खांबेटे मॅडमकडे.
त्या म्हणाल्या, कंपनी म्हणजे एक वेगळा माणूस.
त्याचं पॅन वेगळं, खातं वेगळं, कर्ज वेगळं.
तुम्ही गेलात तरी तो राहणार.
विचारलं, जेवतो का?
मॅडम हसल्या नाहीत.
ऑडिटची फी, वर्षाचे फॉर्म, उशीर झाला की रोजचा दंड.
जेवतो.
आणि गल्ल्यातली नोट?
गल्ला त्याचा. तुम्ही पगार घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी ऐरोलीच्या एका सोसायटीत पंप बसवला.
अर्थिंग त्यांचंच तुटकं, मीही तपासलं नाही.
वॉचमनची तीन बोटं गेली.
बिलावर नाव माझं होतं.
सुगंधानं पाटल्या काढून दिल्या, ठाण्याला जाऊन विकल्या.
तेव्हापासून रात्री कधी वाटतं,
माझ्यात आणि दुकानात एक भिंत असती तर?
मग आठवतं,
भिंतीच्या पलीकडे तो वॉचमन उभा असता,
हाताला फडकं गुंडाळून.

बाबा खारीत भात लावायचे.
खाडी आणि शेत यांच्यात मातीचा बांध,
खारं पाणी आत येऊ नये एवढ्यासाठी.
दर वर्षी घरटी एक माणूस चिखल घालायला जायचा,
नाही गेला की बांध आठवण ठेवायचा.
बांध काही फुकट उभा राहत नाही.
मॅडमना हे सांगितलं तर म्हणाल्या, बरोबर,
फक्त कर्ज काढाल तेव्हा बँक तुमची वेगळी सही घेईलच.
म्हणजे बांध माझा,
उघाडीची किल्ली बँकेकडे.

बाबांनी सिडकोच्या कागदावर अंगठा दिला,
तेव्हा कागदात काय होतं, कुणी वाचून दाखवलं नव्हतं.
मला मॅडमनी सगळं वाचून दाखवलं.
तरी अंगठ्याला तीच कंप.

फॉर्मवर एक रकाना राहिला: दुसरा संचालक.
पोरगा पुण्याला, त्याला वार्निशचा वास चढतो.
सुगंधा चोवीस खाचांच्या स्टेटरमध्ये तार भरत होती,
ओठ हलत होते.
ती मोजत असताना बोलायचं नसतं.
साठाला थांबली, खडूनं फरशीवर आकडा लिहिला,
तेव्हा विचारलं, संचालक होशील?

"मना पगार भेटंल काय?"
एकवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिनं.
हो म्हटलं. फार हळू म्हटलं असणार,
कारण तिनं मान वर केली.
"न् त्या वॉचमनसारखा परत झाला तं?"
म्हटलं, कायद्यानं आपल्याला काही
"कायद्याचा नाय इचारला मी."

आणि पुन्हा तार हातात घेतली. एकसष्ट, बासष्ट.

मी बाहेर येऊन टेप लावला.
पंक्चरवाल्याच्या हद्दीपर्यंत दीड फूट भिंत आहे.
बसेल. दाटीवाटीनं.
पण मग त्या लांब पाटीवर
तपासून देतो, हे कुठं लिहायचं?
तिला विचारायला वळलो.
ती ब्याऐंशीवर होती.
उभा राहिलो.