झालर नसलेला

फ्रिसलंड, जूनचा शेवट

पाद्रीबाबा,
तुमचं पत्र आइसलंडहून पाच आठवड्यांनी पोचलं,
हेरिंगच्या पिंपावर बसून आल्यासारखा वास घेऊन.
आतली पिसं मात्र कोरडी.
खिडकीत धरून पाहिली.
मानेवरची ही तांबूस धग तुम्ही म्हणता मादीची,
आणि फिकट, पुसट, उरल्यासुरल्या रंगाचं हे नराचं.
शिवाय अंड्यांवर तोच बसतो:
पोटाला पिसं झडलेल्या दोन जागा
तुम्ही बोटांनी चाचपून पाहिल्यात.
आणि ती?
मिवात्नच्या पाण्यावर गरगर फिरते,
मग एका सकाळी निघून जाते.

तुमच्याकडे त्याला ओदिनचा कोंबडा म्हणतात,
आमच्याकडे माझ्या पक्ष्याला लढाऊ कोंबडा.
दोघांत कोंबडा कुणीच नाही.
नावं ठेवणारे नेहमी लांबूनच बघतात.

तुमचा प्रश्न: दोन नरांच्या झालरी कधी सारख्या असतात का?
नाही.
अकरा वसंत, दोनशे बारा नर,
बांधामागच्या कुरणात, गवत तुडवून केलेल्या त्यांच्या आखाड्यात.
काळी झालर, विटकरी, राखी, जायफळासारखी रेघारेघांची;
एकाची तर अर्धी पांढरी, अर्धी काळी,
शिवताना कापड कमी पडल्यासारखी.
माद्या सगळ्या एकाच चिखलातून काढलेल्या.
काळे भांडतात.
पांढरे कडेला मान खाली घालून उभे राहतात,
काळे त्यांना हाकलत नाहीत, हाकलल्यासारखं करतात.
का, ते ठाऊक नाही.
वहीत तेवढी जागा कोरी आहे.

आता ते, जे ब्रेमेनच्या संग्रहालयाला पटलं नाही.
मे महिन्यात जाळ्यात एक मादी आली.
मादीच म्हणू: रंग तोच, झालर नाही,
फक्त पंख नखभर लांब.
बाजारासाठी पोट चिरलं तर
आत अंड्यांचा घोस नव्हता.
दोन वृषण होते,
आखाड्यातल्या कुठल्याही काळ्या पैलवानापेक्षा मोठे.
ब्रेमेनहून उत्तर आलं,
‘महाशय, ती मूत्रपिंडं असावीत.’
सातव्या वर्षापासून घरात पक्षी साफ करायचं काम माझं.
मूत्रपिंड कुठे असतं
ते मला अंधारात दाराच्या कडीसारखं सापडतं.

पुढच्या वसंतात तसाच एक जिवंत पाहिला.
माद्यांच्या घोळक्यातून थेट आखाड्याच्या मध्यात,
कुणी अडवलं नाही.
एका काळ्यानं तर त्याच्याचपुढे झालर फुलवली.
मी गवतात पालथं पडून, कोपरं ओली,
हसू दाबत.

हसू कशाचं, ते आता सांगायला हवं.
तुमची सगळी पत्रं ‘प्रिय महाशय’ अशी सुरू होतात.
ब्रेमेनचीही.
सही करताना मी फक्त ‘ह. वायबेंगा’ लिहिते.
लिहिते.
झालं, पडला शब्द.
इतका वेळ वाक्यं किती जपून रचली,
परत वाचून पाहा.
मी बांधावरच्या राखणदाराची थोरली मुलगी, हिस्के.
मोजमापं तीच आहेत.
दोनशे बारा ते दोनशे बाराच.
ब्रेमेनला एवढ्यात कळवू नका,
पुढच्या अंकात माझा तक्ता छापणार आहेत.

तुमच्या पत्राच्या कडेला, आडव्या ओळीत होतं
की हल्ली धाकटीची वेणी तुम्हीच घालता
आणि चर्चमध्ये बायका वळून बघतात.
यावर माझ्याकडे निरीक्षण नाही.
एक मात्र विचारायचं राहिलं:
अंड्यांवरून उठला की तो नर किती वेळ बाहेर असतो?
घड्याळ लावून पाहाल का, पावसाच्या दिवशीसुद्धा?

सोबत एक पीस पाठवते, झालर नसलेल्याचं.
साधं आहे, चिखलाच्या रंगाचं.
माद्यांच्या खणात टाकू नका.
पुडीवर ‘नर’ लिहिलं आहे,
शाई वाळायच्या आत घडी घातली,
तेव्हा थोडं पुसट असेल.